सामायिक संगणकावर दुसऱ्याचेच जीमेल उघडते किंवा आपले मेल दुसऱ्याला दिसतात: कारणे आणि उपाय

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आजही पुष्कळ जणांचा ईमेल स्वतःच्या संगणकावर उघडला जात नाही. हातात मोबाइल असला, तरी दाखला स्कॅन करून जोडायचा, अर्जाची पीडीएफ छापायची किंवा मोठा अर्ज नीट भरायचा म्हटले की चोपड्याच्या बाजारातील सायबर कॅफे, गावातील आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्सच्या दुकानातील एकुलता एक संगणक किंवा महाविद्यालयाचा संगणक कक्ष गाठावाच लागतो. सीईटीची नोंदणी, शिष्यवृत्ती, नोकरीचा अर्ज अशा प्रत्येक ठिकाणी ईमेलचा रकाना असतो, आणि त्या रकान्यासाठी घाईघाईत काढलेले खाते पुढे वर्षानुवर्षे तेच राहते. प्रवेशाच्या हंगामात यासंबंधीच्या तक्रारी हमखास वाढतात.

या तक्रारींवर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘पासवर्ड बदलून टाका’. हा सल्ला खोटा नाही, पण तो क्रमाने शेवटून दुसरा आहे. खात्याचा ताबा नेमका कोणाकडे आहे हे तपासण्याआधी बदललेला पासवर्ड फार दिवस टिकत नाही, आणि मग ‘पुन्हा तेच झाले’ अशी तक्रार येते. म्हणून पुढे लक्षणांनुसार कारणे दिली आहेत. आपले लक्षण कोणते ते आधी ओळखावे. उदाहरणे जीमेलची आणि क्रोमची घेतली आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हीच जोडी वापरात आहे.

जीमेल उघडले की दुसऱ्याचेच मेल दिसतात

याचे सर्वांत सामान्य कारण असे की आधीच्या व्यक्तीने लॉगआउट केलेले नसते आणि नंतरची व्यक्ती ते न तपासता ‘ॲड अनदर अकाउंट’ वापरून आपले खाते त्याच ठिकाणी जोडते. गुगल एकाच ब्राउझरमध्ये अनेक खाती एकाच वेळी चालू ठेवू देते, आणि त्यांपैकी जे खाते सर्वांत आधी उघडलेले असते ते मुख्य धरले जाते. त्यामुळे जीमेलचा पत्ता नुसता टाकला की पहिल्याचेच मेल उघडतात, दुसऱ्याचे नव्हे. पत्त्याच्या पट्टीत ‘यू’ या अक्षरापुढे शून्य दिसत असेल तर पहिले खाते उघडले आहे, एक दिसत असेल तर दुसरे, असे ओळखता येते. सकाळपासून चार विद्यार्थ्यांनी असे एकावर एक खाते चढवले असेल, तर पाचव्याने पाठवलेला अर्ज भलत्याच्या पत्त्यावरून जाण्याची शक्यता खरीखुरी असते.

उपाय सोपा आहे. उजव्या कोपऱ्यातील गोल चित्रावर क्लिक करून ‘साइन आउट ऑफ ऑल अकाउंट्स’ निवडावे आणि मगच आपले खाते उघडावे. समोर दुसऱ्याचे मेल उघडे सापडले तर ते न वाचता त्याला बाहेर काढणे हाच शिष्टाचार आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनेही तेच बरे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६ सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिक हेतूने वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

याच्याशी मिळतीजुळती दिसणारी, पण अगदी वेगळी अशी एक तक्रार आहे: खाते आपलेच असते, पण त्यात दुसऱ्याच कोणा पाटलांचे किंवा महाजनांचे मेल येतात. जीमेल पत्त्यातील टिंबे मोजत नाही, म्हणजे नाव आणि आडनाव यांच्यामध्ये टिंब दिले काय किंवा न दिले काय, पत्ता एकच असतो. एकाच नावा-आडनावाची माणसे आपल्या भागात कमी नाहीत, आणि त्यांपैकी कोणी अर्जावर स्वतःचा पत्ता चुकीचा लिहिला की त्याचे मेल आपल्याकडे येतात. आपले खाते फुटलेले नसते. पाठवणाऱ्याला तसे कळवावे आणि विषय तेथेच सोडावा.

लॉगआउट केले, तरी आपले नाव त्या संगणकावरून जात नाही

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या ६९ व्या आवृत्तीपासून क्रोममध्ये जीमेल उघडले की ब्राउझरही त्याच खात्याने उघडला जातो. मग क्रोम ‘सिंक’ चालू करण्यास सुचवतो, आणि घाईतला माणूस निळे बटण दाबून मोकळा होतो. त्यानंतर त्या दुकानातील संगणकावर त्याचे बुकमार्क, भेट दिलेल्या संकेतस्थळांची यादी आणि मोबाइलवर साठवलेले पासवर्ड उतरू शकतात, आणि दुकानात दिवसभर इतरांनी टाइप केलेले संकेतस्थळांचे पत्तेही त्याच्या खात्याच्या यादीत जमा होऊ शकतात. या अवस्थेत नुसते जीमेलमधून बाहेर पडून भागत नाही. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातील चित्रावरून सिंक बंद करावे लागते, आणि त्या वेळी ‘या संगणकावरील माहितीही पुसा’ अशा अर्थाचा पर्याय समोर आला तर तो निवडावा लागतो. लॉगइनच्या पानावर आपला पत्ता ‘साइन्ड आउट’ असे लिहून दिसतच राहिला, तर त्याच यादीच्या खाली ‘रिमूव्ह ॲन अकाउंट’ असते, तेथून तो काढता येतो.

पासवर्ड साठवण्याची विचारणाही अशीच फसवी असते. ‘सेव्ह’ दाबले गेले असेल, तर क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये तो साठवला जातो. विंडोजला स्वतःचा पासवर्ड असेल तर तो पाहण्याआधी विचारला जातो, मात्र दुकानातील संगणकाचा पासवर्ड दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो किंवा तो ठेवलेलाच नसतो.

हे सारे निस्तरण्यापेक्षा ते घडूच न देणे कमी कष्टाचे आहे. क्रोममध्ये चित्रावर क्लिक केल्यावर ‘गेस्ट’ हा पर्याय मिळतो, तो सर्वांत चांगला. तो नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणे एकत्र दाबून खासगी खिडकी उघडावी. एजमध्येही हीच बटणे चालतात, फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी दाबावे. काम संपल्यावर खासगी असलेल्या सगळ्या खिडक्या बंद कराव्यात, कारण त्यांतली एक जरी मागे उघडी राहिली तरी लॉगइन चालूच राहते.

खासगी खिडकीचा एक फायदा आपल्या भागात विशेष जाणवतो. वीज गेली आणि संगणक धाडकन बंद झाला, तर साध्या खिडकीतील लॉगइन पुसले जात नाही. वीज आल्यावर क्रोम ‘पाने पुन्हा उघडू का’ असे विचारतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाने ‘हो’ म्हटले की आपले मेल जसेच्या तसे त्याच्यासमोर येतात. खासगी खिडकी अशा वेळी कायमची बंद होते आणि परत उघडली जात नाही. ‘वीज गेली म्हणून तसाच घरी आलो’ असे सांगणाऱ्याला दुसऱ्या दिवशी अडचण येते ती बहुधा याच कारणाने.

मात्र खासगी खिडकी काय करत नाही, हेही स्पष्ट समजून घ्यावे. डाउनलोड केलेली फाइल ती पुसत नाही. गुणपत्रिका, आधारची प्रत, बँकेचे पासबुक हे सर्व ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहते. छापून झाल्यावर त्या फाइली निवडून शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबल्यास त्या रिसायकल बिनमध्ये न जाता थेट काढल्या जातात. दाबलेले प्रत्येक बटण टिपणारा छुपा प्रोग्राम त्या संगणकावर असेल, तर त्यापुढेही खासगी खिडकीचे काही चालत नाही. म्हणूनच बँकेशी जोडलेला ईमेल अनोळखी संगणकावर मुळीच उघडू नये, आणि पासवर्ड बदलण्याचे काम तर नेहमी स्वतःच्या मोबाइलवरच करावे.

कॅफेचालकापासून आपले येणे लपून राहत नाही. सायबर कॅफेसंबंधीच्या २०११ च्या केंद्रीय नियमांनुसार ग्राहकाचे ओळखपत्र पाहणे आणि नोंदवही किमान एक वर्ष जपणे चालकावर बंधनकारक आहे, आणि भेट दिलेल्या संकेतस्थळांच्या नोंदीही तितकाच काळ ठेवायच्या असतात. त्याच नियमांनुसार आडोशाची उंची साडेचार फुटांहून अधिक नसावी, आणि आडोशाबाहेर ठेवलेल्या संगणकाचा पडदा मोकळ्या जागेकडे असावा. म्हणजे पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाला आपला पडदा दिसणे ही त्या जागेची रचनाच आहे, तेव्हा पासवर्ड टाइप करताना मागे पाहण्याचा संकोच बाळगू नये.

पासवर्ड बदलला, तरी कोणीतरी मेल वाचते

ही तक्रार सर्वांत गंभीर आहे. हिचे मूळ बहुतेकदा खाते उघडले त्या दिवशीच घडलेले असते. दहावी-बारावीच्या मुलाकडे स्वतःचा मोबाइल नसतो, वडील शेतात असतात, अर्जाची मुदत संपत आलेली असते. अशा वेळी कॅफेवाले भाऊ स्वतःच खाते काढून देतात, मोबाइल क्रमांकाच्या जागी स्वतःचा क्रमांक टाकतात आणि नावापुढे एक-दोन-तीन जोडून पासवर्ड ठेवतात. त्यात त्यांचा हेतू वाईट असतोच असे नाही. उलट गिऱ्हाइकाचे काम अडू नये म्हणूनच ते तसे करतात. पण त्या क्षणापासून खाते परत मिळवण्याचा अधिकार त्यांच्या फोनवर गेलेला असतो. शेत कोण कसतो याइतकेच सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे याला महत्त्व असते, तसेच येथेही आहे: पासवर्ड आपण कितीही वेळा बदलला, तरी ज्याच्या क्रमांकावर ओटीपी जातो तो ‘फर्गॉट पासवर्ड’ दाबून नवा पासवर्ड ठेवू शकतो.

म्हणून दुरुस्ती पुढील क्रमाने करावी, आणि ती शक्यतो स्वतःच्या किंवा घरच्या माणसाच्या मोबाइलवर करावी.

आधी गुगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ या भागात जाऊन रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल, म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी दिलेले क्रमांक आणि पत्ता, पाहावेत. तेथे अनोळखी क्रमांक असेल तर तो काढून आपला किंवा आई-वडिलांचा घालावा. घरातील क्रमांक देताना तो कायम चालू राहणारा असावा, कारण बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि मग आपले ओटीपी एखाद्या परक्या माणसाकडे जाऊ लागतात. एक बारकावा येथे लक्षात ठेवावा: क्रमांक बदलल्यावरही पुढचे सात दिवस गुगल जुन्या क्रमांकावर पडताळणीचा कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतो. ही सोय खाते चोरीला गेलेल्या मालकासाठी आहे, पण आपल्या बाबतीत ती उलटी पडते. म्हणून तो आठवडा खात्यावर लक्ष ठेवावे.

त्यानंतर संगणकावरील जीमेलची सेटिंग्ज उघडावीत, कारण हे पर्याय मोबाइलच्या ॲपमध्ये सगळे मिळत नाहीत. ‘फॉरवर्डिंग’ या भागात दुसरा पत्ता घातलेला असेल, तर आपला प्रत्येक मेल आपोआप त्या पत्त्यावर जात असतो आणि पासवर्ड बदलल्याने ते थांबत नाही. ‘फिल्टर्स’मध्येही असा पत्ता लपलेला असू शकतो. ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’मध्ये ‘ग्रँट ॲक्सेस टू युवर अकाउंट’ (दुसऱ्याला आपले मेल उघडू देण्याची परवानगी) या ओळीपुढे कोणाचे नाव आहे का, ते पाहावे. ही तीन ठिकाणे फार कमी लोक उघडून पाहतात. जुनी तक्रार महिनोन्‌महिने का मिटत नाही, याचे उत्तर अनेकदा येथेच मिळते.

मग ‘युवर डिव्हाइसेस’ची यादी घ्यावी. आपले खाते कोणकोणत्या संगणकांवर आणि मोबाइलवर चालू आहे, हे तेथे दिसते. शिवाय संगणकावर जीमेलच्या पानाच्या अगदी तळाशी उजवीकडे ‘डिटेल्स’ असा बारीक दुवा असतो, त्यात शेवटच्या दहा वापरांचे वेळ-ठिकाण दिसते आणि इतर सर्व ठिकाणचे लॉगइन एका बटणाने बंद करता येते. ठिकाणाबद्दल मात्र लगेच घाबरू नये. मोबाइल इंटरनेट वापरणाऱ्याचे स्थान अंदाजाने दाखवले जाते, त्यामुळे अमळनेरला बसून मेल उघडला तरी तेथे मुंबई किंवा पुणे लिहिलेले असू शकते. वेळ अधिक भरवशाची असते. आपण झोपेत असताना किंवा परीक्षेच्या वर्गात असताना कोणी खाते उघडले असेल तर ते खटकते. अशी नोंद आढळल्यास बटण दाबण्याआधी तिचे छायाचित्र काढून ठेवावे. पुढे राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलिस ठाण्यात तक्रार करायची झाल्यास तेच उपयोगी पडते. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा.

एवढे झाल्यावर पासवर्ड बदलावा. नाव, जन्मवर्ष, गावाचे नाव आणि एक-दोन-तीन यांपैकी काहीही त्यात नसावे. आपल्यालाच आठवतील असे चार-पाच परस्परांशी संबंध नसलेले शब्द सलग लिहिले तर पासवर्ड लांबही होतो आणि पाठही राहतो.

शेवटी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी, म्हणजे पासवर्डानंतर एक कोडही विचारला जातो. दुकानातील संगणकावर कोड टाकताना ‘या संगणकावर पुन्हा विचारू नका’ अशा अर्थाच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते, ती न विसरता काढावी. नाहीतर त्या संगणकापुरती पडताळणी असून नसल्यासारखीच होते. पासकी (पासवर्डाऐवजी त्या उपकरणाच्याच कुलपाने खाते उघडण्याची सोय) तयार करण्याची सूचना आली तर ती सामायिक संगणकावर कधीही स्वीकारू नये. ज्यांच्याकडे स्वतःचा मोबाइल नाही, त्यांच्यासाठी बॅकअप कोड हा चांगला मार्ग आहे. गुगल आठ अंकी दहा कोड देते आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून दाखल्यांच्या फाइलमध्ये ठेवावेत. मात्र त्याच फाइलमध्ये पासवर्डही लिहून ठेवला, तर दोन टप्प्यांना काही अर्थ उरत नाही.

कार्यालयात एकच संगणक आणि सर्वांचा एकच ईमेल

पतसंस्था, डाळमिल, अडत दुकान, लहान शाळा अशा ठिकाणी एकच पत्ता तीन-चार जण वापरतात आणि पासवर्ड भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिलेला असतो. एखादा कारकून सोडून गेला की सर्वांनाच नवा पासवर्ड कळवावा लागतो, आणि कोणता मेल कोणी पाठवला याचा पत्ता लागत नाही. येथे पासवर्ड वाटण्यापेक्षा वर सांगितलेला ‘ग्रँट ॲक्सेस’ हा पर्याय जाणीवपूर्वक वापरावा. त्याद्वारे प्रत्येक कर्मचारी स्वतःच्या जीमेल खात्यातून कार्यालयाचे मेल वाचू आणि पाठवू शकतो. साध्या जीमेल खात्यात अशा दहा जणांपर्यंत परवानगी देता येते. त्यांना पासवर्ड बदलता येत नाही, आणि माणूस गेला की त्याचे नाव तेवढे काढायचे. माझ्या मते लहान कार्यालयांसाठी जीमेलमध्ये याहून उपयोगी सोय नाही, आणि तिचा वापर मात्र फारसा कोठे दिसत नाही.

थंडरबर्ड किंवा आउटलुकसारखा प्रोग्राम वापरत असल्यास एक धोका वेगळा आहे. हे प्रोग्राम मेलची प्रत संगणकावरच ठेवतात, त्यामुळे ते उघडणाऱ्या प्रत्येकाला सर्व मेल पासवर्डाशिवाय दिसतात. खाते जोडताना मेल आणण्याच्या दोन पद्धतींपैकी पीओपीऐवजी आयमॅप निवडावे. पीओपीमध्ये मेल सर्व्हरवरून उतरवून तेथून काढून टाकले जाऊ शकतात, आणि मग ‘मोबाइलवरचे मेल गायब झाले’ अशी नवी तक्रार सुरू होते. थंडरबर्डमध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ ठेवता येतो, पण तो साठवलेल्या पासवर्डांचे रक्षण करतो. आधीच उतरलेले मेल त्याने झाकले जात नाहीत. त्यांच्यासाठी विंडोजमध्येच प्रत्येकाचे वेगळे खाते हवे.

घरातील संगणकालाही हेच लागू आहे. भाऊ, बहीण, वहिनी, काका असे सगळे एकच संगणक वापरत असतील, तर विंडोजच्या सेटिंग्जमधील ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन प्रत्येकासाठी स्वतंत्र खाते करावे आणि ते प्रशासकाचे न ठेवता साधे ठेवावे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते असण्याची गरज नाही, तसा पर्याय मिळतो. उठताना विंडोजचे बटण आणि एल दाबले की पडदा कुलूपबंद होतो. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहेत. म्हणून त्या आवृत्तीचा जुना संगणक घरी किंवा दुकानात असेल तर त्यावर खासगी मेल उघडण्याआधी विचार करावा.

जुना क्रमांक बंद, पासवर्ड आठवत नाही

खाते कोणी बळकावले नाही, पण क्रमांक कॅफेवाल्यांचा होता आणि तो आता बंद आहे, अशी परिस्थितीही पुष्कळदा उद्भवते. येथे सामायिक संगणकच मदतीला येतो. खाते परत मिळवताना गुगल पूर्वी नेहमी वापरलेला संगणक, तोच ब्राउझर आणि तेच ठिकाण यांना महत्त्व देते. म्हणून अनोळखी ठिकाणाहून प्रयत्न करण्यापेक्षा, जेथे हे खाते पूर्वी नियमितपणे उघडले जात होते त्याच दुकानात किंवा संगणक कक्षात बसून ‘फर्गॉट पासवर्ड’ची पायरी घ्यावी, आठवणारा सर्वांत अलीकडचा पासवर्ड लिहावा आणि ‘माहीत नाही’ म्हणून प्रश्न सोडून देऊ नयेत. घाईने लागोपाठ प्रयत्न केल्यास गुगल काही काळ वाट पाहायला लावते.

खाते दोन वर्षे अजिबात उघडले गेले नसेल, तर ते काढून टाकण्याचा अधिकार गुगलने स्वतःकडे ठेवला आहे, आणि तशी कारवाई २०२३ च्या डिसेंबरपासून सुरू झाली आहे. परत मिळण्याची आशा संपली असेल तर नवे खाते आपल्याच क्रमांकावर काढावे, आणि जुना पत्ता महाविद्यालयात, बँकेत व शिष्यवृत्तीच्या अर्जात जेथे जेथे दिला होता तेथे अर्ज करून बदलून घ्यावा. यात बँकेचे काम पहिले करावे.